माझा फोन बंद होता, तुझा चालू होता

उज्ज्वला, मला घरात बसवत नाही.

ड्युटीवर असलो की निदान हात गुंतलेले असतात, डोळे सिग्नलवर असतात. पण रेस्टच्या दिवशी, म्हणजे रेल्वे मला 'झोप काढ' म्हणून घरी ठेवते त्या दिवशी, मी दौंडच्या कॉलनीतून मोटरसायकल काढतो आणि पारगावच्या पुलापर्यंत जातो. पूल ओलांडला की तुझा इलाखा. मी ओलांडत नाही. कठड्याशी उभा राहून भीमेकडं बघतो, वळून थोडं मागं येतो, पुन्हा तिथंच जातो. परवा तिथं मुक्ताचा फोन आला. मी उभाच होतो, तरी तिनं आधी विचारलं, "पप्पा, गाडी चालवत नाही ना?" आपल्या लेकीचं फोनवरचं पहिलं वाक्य आता हेच असतं. 'हॅलो' गेलं.

लोक सांगतात, बोला, मन मोकळं करा. कुणाशी बोलू? मला बोलायला तू लागतेस. भांडायला तर तूच. आणि आपलं भांडण अर्धं राहिलंय.

आठवतं ना कुठं थांबलं होतं? दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. तू वडगाव रासाईकडून आली होतीस, तोंडावर धुळीचा थर, हेल्मेटच्या आतलं तेवढं कपाळ स्वच्छ. कणीक मळायला बसलीस आणि फोन वाजला. पिठाच्या बोटानं तू तो उचललास. "व्हय सर, पोचले घरी. टाकते सर." मग करंगळीनं चाचपडत गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे फोटो ग्रुपवर टाकत बसलीस. मी म्हणालो, "सोड ही नोकरी." तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "मी सोडली तर माझ्या जागी आमच्या डेअरीतला संतोष जाईल. रस्ता त्योच हाय, उसाच्या ट्रॉल्या त्याच हायेत, फोन करणारं माणूस त्येच हाय. मग काय बदललं?"

मी म्हणालो, "माझी बायको रस्त्यावर नसेल. एवढं बदललं."

"आन् संतोषची बायको?"

मी चिडलो. तू चपात्या लाटायला घेतल्यास. ते तिथंच राहिलं.

मी मालगाडी चालवतो. माझ्या नोकरीत मला कधीकधी त्रास वाटायचा तो याच गोष्टींचा. गाडीवर जायच्या आधी लॉबीत, म्हणजे आमच्या हजेरीच्या खोलीत, जाऊन दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकर मारायची. आधीची विश्रांती पुरी झाली का ते बघायचं. इंजिनात चढलं की फोन बंद. चालू सापडला तर नोकरीवर येतं. आमच्याकडंही सगळं सोन्याचं नाही, जास्तीची ड्युटी आम्हीही करतो, त्यावरून आम्हीही भांडतो. पण निदान भांडायला एक नियम हातात असतो. मला गाडीवर पाठवणारं माणूस मला विचारतं, झोपलास का. तुला कुणी विचारायचं? तू डेअरीची फिल्डवरची बाई. शिरूर तालुक्यातल्या निम्म्या गोठ्यांत तुला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. दूध संकलनाच्या गावांतून दिवसभर फिरायचीस, जनावरं तपासायचीस, लसी द्यायचीस. रस्ता हे तुझ्या कामाचं अर्धं अंग होतं आणि त्या अर्ध्या अंगाचा मालक कुणीच नव्हता. गाडी तुझी, हेल्मेट तुझं, पाठदुखी तुझी. पेट्रोल तेवढं त्यांचं.

हे मी तुला एकदा सांगितलं तेव्हा तू हसलीस. "तुमचं इंजिन रुळावर चालतंय. माझ्या गाई रुळावर न्हाईत."

गाई म्हटलं की तुझा चेहराच बदलायचा. आप्पांनी, तुझ्या वडिलांनी, मेंढरं विकून शेती धरली त्याला वर्षं झाली, पण तुझ्यातली मेंढपाळीण काही गेली नाही. मला तो दिवस आठवतो. माझा रेस्ट होता आणि तू म्हणालीस, चला, माझी लाईन दाखवते. मी तुझ्या स्कूटीवर मागं बसलो. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओळखीचा. मांडवगणच्या अलीकडं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मॅडम, मागं कोन हाय?" तू ब्रेक न दाबता ओरडलीस, "रेल्वे चालवत्यात ह्ये! आज डब्यात बसल्यात!" पुढं एका गोठ्यात गाय अडली होती. वासरू आडवं होतं. तू खांद्यापर्यंत हातमोजा चढवलास आणि मला म्हणालीस, "बघत काय उभं ऱ्हायलात? शेपटी धरा." मी शेपटी धरून उभा राहिलो. गाय कण्हत होती, मालकीण देवाचं नाव घेत होती आणि तू गाल गाईच्या मांडीला टेकून, डोळे मिटून, आत हातानं काहीतरी शोधत होतीस. तुझ्या तोंडून एक बारीक आवाज येत होता. त्याला शब्द नव्हते. नंतर विचारलं तर म्हणालीस, "आप्पा मेंढीशी आसंच बोलायचे." वासरू जिवंत बाहेर आलं. त्या बाईनं तुझ्याआधी मला चहा दिला, शेपटी धरली म्हणून. परतीच्या वाटेवर तू मला तेवढ्यावरून चिडवत होतीस.

त्या परतीच्या वाटेवर तुझा फोन खिशात सतत थरथरत होता. तू बाजूला घ्यायचीस, बोलायचीस, पुन्हा निघायचीस. मी मागं बसून मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. "लोकेशन टाका." "पुढच्या गावाला किती वाजता?" "फोटो आला नाही." सगळे फोन एकाच माणसाचे, मॅनेजर कदमांचे. मी म्हणालो, उचलू नकोस. तू म्हणालीस, "न्हाई उचलला तर मीटिंगमधी नाव घेत्यात." 

म्हणजे तुला कळत नव्हतं असं नाही. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तू मीटिंगमध्ये उभी राहिलीस. घरी येऊन मला सगळं नक्कल करून दाखवलंस, म्हणून मला ते मी तिथं असल्यासारखं दिसतं. तू डेअरीच्या मालकांना म्हणालीस, हंगामात चार महिने लांबच्या गावांना गाडी द्या, ड्रायव्हर द्या. दिवस मावळल्यावर कुणाला पाठवू नका. आणि माणूस गाडीवर असताना फोन करू नका. मालक हसून म्हणाले, "ताई, आम्ही काय तुम्हाला ढकलून पाठवतो का? सावकाश जा. हेल्मेट घाला. जीव तुमचा आहे, काळजी तुम्हीच घ्यायची." सगळे हसले. ढेकर दिल्यासारखी मान मागं टाकून तू ते वाक्य म्हणून दाखवलंस आणि मीही हसलो. तू मात्र हसली नाहीस. "जीव माझा हाय त्ये मला म्हाईत हाय," म्हणालीस. "पर सांजच्याला त्यो कुठं न्यायचा, त्ये मी ठरवत न्हाई ना."

उज्ज्वला, हे वाक्य मी ड्युटीवर असतानासुद्धा ऐकतो.

आता तो दिवस. मला तो सांगायचा नाही, पण तू तिथं होतीस आणि मी नव्हतो. मला मागाहून लोकांनी सांगितलं ते तुला सांगतो; कुठं चुकलं असेल तर तूच समजून घे.

तुझं काम संपलं होतं. तू घराकडं निघाली होतीस. वाटेत कदमांचा फोन आला की नदीकाठच्या एका वस्तीवर गाय तापानं बसलीय, जाऊन या, मोठा दूधवाला आहे. तू वळलीस. गाय बघितलीस, इंजेक्शन दिलंस. त्या घरच्यांनी चहाला थांबवलं तर म्हणालीस, उजेड हाय तवर निघते. उजेड तुझ्याआधी निघाला. न्हावऱ्याकडं यायच्या रस्त्याला वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. टायर फुटला होता. मागं दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. चाकाला दोन दगड लावून ड्रायव्हर मदत आणायला गेला होता. समोरून येणाऱ्या टेम्पोचा उजेड तुझ्या डोळ्यांवर आला असणार आणि ट्रॉली दिसलीच नसणार, असं पोलीस म्हणाले. हेल्मेट तुझ्या डोक्यावरच होतं. पट्टाही लावलेला होता.

टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली. तो पळत आला तेव्हा तुझा फोन रस्त्यावर वाजत होता. त्यानं उचलला, घरचं कुणी असेल म्हणून. पलीकडून आवाज आला, "मॅडम, गाईचा फोटो अजून आला नाही."

तो टेम्पोवाला दशक्रियेला आला होता. हे त्यानंच सांगितलं. म्हणाला, "मी म्हनलो, सायब, बाई पडल्यात. तर त्येंना कळंचना. पुन्ना म्हनले, कोण बोलतंय, मॅडमला द्या."

शिरूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आणि मी त्या वेळी इंजिनात होतो. माझा फोन नियमानं बंद होता. मुक्ता फोन करत होती, आप्पा करत होते, संतोष करत होता, आणि मी उसाच्या रानांमधून डबे ओढत शांतपणे चाललो होतो. गाडी पोचवली, कागद दिले, लॉबीत आलो तर सगळे उभे होते आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. मला सगळ्यांत शेवटी कळलं. त्याचा मला राग यायला हवा होता, नाही का? येत नाही. कुणीतरी ठरवलं होतं की गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कानाशी काही वाजू नये, म्हणून मी सुखरूप पोचलो. तुझ्यासाठी हे कुणी ठरवलं नव्हतं.

ट्रॉलीवाल्यावर गुन्हा दाखल झाला. तो पोरगेलासा माणूस, बीडकडचा. ठाण्यात त्याला बघितलं. मला वाटलं होतं मी त्याच्या अंगावर जाईन. तो नुसता म्हणत होता, खेप लवकर करायला लावली होती, दिवा मागितला होता, दिला नाही. खोटं बोलत असेल. पण मला वाटलं, यालाही कुणीतरी पाठवलंच होतं.

दशक्रियेला घाटावर भाषणं झाली. तुला भाषणांचा किती कंटाळा. मालक बोलले. "उज्ज्वलाताई आमच्या डेअरी परिवाराच्या सदस्य होत्या, नियतीनं त्यांच्यावर घाला घातला." माईक चांगला होता, पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं असेल. मी खाली मान घालून बसलो होतो. नियतीनं तुला फोन केला नव्हता, उज्ज्वला. कदमांनी केला होता. मालक खाली उतरल्यावर डेअरीच्या ऑफिसातला एक जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तसं बघायला गेलं तर ऑफिसची वेळ संपली होती. गाडीही त्यांची स्वतःची. त्यामुळे ड्युटीवर होत्या असं काही म्हणता येणार नाही. तुम्ही समजून घ्या." अजून पिंडाला कावळा शिवला नव्हता.

तो शिवत नव्हता, तुला म्हणून सांगतो. सगळे एकेक कबूल करत होते. मुक्ताला सांभाळू, आप्पांना बघू. कावळे लांबच. मग संतोष पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, आमी त्या रस्त्याचं बघतो." लोक म्हणतात त्यावर शिवला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तुझाही फारसा नव्हता. पण मी तिथं होतो आणि मी बघितलं.

पुढच्याच आठवड्यात डेअरीनं तुझी गावं संतोषला दिली. त्याची स्वतःची होतीच, वर तुझी. संध्याकाळचे फोन त्याला चालू झाले. म्हणजे तू कणीक मळताना म्हणालीस ते शब्दाशब्दानं खरं झालं आणि ते खरं व्हायला तुला जावं लागलं. संतोषनं मला फोन केला. "दाजी, उद्या सकाळी आमी कोनच गाड्या चालू करनार न्हाई. तुमी येता का?"

मी पूल ओलांडला. त्या एका दिवशी ओलांडला. आप्पा वडगावहून आले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. डेअरीच्या दूध शीतकरण केंद्राच्या आवारात तुझ्या सगळ्या जोडीदारांच्या मोटरसायकली आणि स्कूटी ओळीनं उभ्या होत्या आणि एकही चालू नव्हती. दुधाचे टँकर भोंगे वाजवत होते. कदम इकडून तिकडं फिरत होते, फोन कानाला. मालक आले. चिडलेले होते, पण आप्पांना बघून गाडीतून खाली उतरले. आप्पांचं दूध त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्याच डेअरीला जातं.

मालक म्हणाले, "आप्पा, तुम्ही कशाला त्रास घेतला? आत चला, बसून बोलू. जे काय द्यायचं ते देऊ."

आप्पा म्हणाले, "बसायला न्हाई आलो. मागायला बी न्हाई आलो. येकच इचारायचंय. माझी उजी त्या सांजच्याला तुमच्या कामावर हुती का नव्हती?"

मालक म्हणाले, "आप्पा, ते कायद्याचं असतं, वकील..."

"वकिलाला न्हाई इचारत. तुमास्नी इचारतोय. ती तापलेली गाय माझी नव्हती. उजीची नव्हती. मंग ती तिकडं कुनाच्या कामाला गेली हुती?"

 टँकरवाल्यानं भोंगा थांबवला. मालकांनी कदमांकडं बघितलं, कदमांनी जमिनीकडं. मला वाटलं होतं मी बोलेन. रात्रंदिवस मनात तयार केलेलं सगळं होतं माझ्याकडं. लॉबी, नियम, विश्रांती, सगळं. त्यातलं काही लागलं नाही. मालकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि ते म्हणाले, "होती, आप्पा. आमच्याच कामावर होती."

आप्पांनी मान हलवली. "मंग तिला सुकरूप घरी धाडायचं काम बी तुमचंच हुतं," एवढंच म्हणाले आणि काठी टेकत फाटकाकडं चालू लागले.

त्यानंतर काय झालं ते ऐक, तुला आवडेल, आणि जे झालं नाही तेही ऐक. हंगामापुरती एक जीप ठेवलीय, ड्रायव्हरसकट, नदीकाठच्या आणि लांबच्या गावांसाठी. अंधार पडल्यावर एकट्या माणसाला दुचाकीवर पाठवत नाहीत. ग्रुपवर लोकेशन मागणं बंद झालंय. माणूस पोचला की स्वतः कळवतो. तू मागितलं होतंस तेच, जवळपास तसंच. पण मालक तोंडानं जे बोलले ते लिहून द्यायला अजून तयार नाहीत. वकील नको म्हणतोय म्हणे. मी त्यांच्या दौंडच्या ऑफिसात जातो, बसतो, चहा येतो, परत येतो. सोडणार नाही. मला त्यातून काय हवंय असं सगळे विचारतात. मला तुझ्यामागं एक सरळ वाक्य हवंय, बस्स.

कदम एकदा घरी आले होते. एकटेच, न कळवता. आत येईनात, पायरीवरच बसले. म्हणाले, "मलाही वरून फोन येत होते हो. मी इकडं ते पुढं ढकलत होतो." मग रडले. मी त्यांना पाणी दिलं. तू असतीस तर जेवायला वाढलं असतंस आणि वर चार शब्द सुनावले असतेस. मला दोन्ही जमलं नाही. ते गेल्यावर मला त्यांचा राग पुन्हा आला, मग त्यांची कीव आली, मग तुझा राग आला. हो, तुझा. का वळलीस? 'उद्या बघते' एवढं म्हणता आलं नसतं का? पण तिकडं गाय तापानं बसली होती आणि तू तू होतीस. ज्या स्वभावाला मी जीव लावला त्याच स्वभावानं तू वळलीस, मग मी कुणाशी भांडू?

तू जिंकलीस हे मला तुला सांगायचं राहिलं. तुला घरी बसवून तो रस्ता नीट झाला नसता. मला फक्त तू वाचायला हवी होतीस, तुला सगळेच. मी अजूनही पहिल्यांदा तुझंच नाव घेईन, हेही खरं आहे. नवऱ्याला तेवढं माफ असावं.

काल दुपारी मी रेस्टवर होतो, पलंगावर पडून छताकडं बघत. संतोषचा फोन आला. मी आधी विचारलं, "गाडीवर नाहीस ना?" "न्हाई दाजी, जीपमधनं आलोय. ड्रायव्हर बाहेर थांबलाय." मांडवगणच्या पुढं एक गाय अडली होती. त्यानं वासरू सोडवलं, दोघं बरी आहेत. आवाजात धाप होती आणि थोडा आनंदही होता, मग तो अडखळला. "दाजी, हिथली म्हातारी इचारतीय, दर बारीला डॉक्टरीणबाई यायच्या, आज का न्हाई आल्या. तिला कुनी सांगितलंच न्हाई. काय सांगू?"

मी उठून बसलो. पलीकडून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती आणि म्हातारी काहीतरी बोलत होती, बहुतेक चहाचं.

मी म्हणालो, "सांग त्यांना. उज्ज्वला कामावर असताना गेली."

 संतोष फोन तसाच चालू ठेवून तिच्याकडं वळला, आणि मी इथं बसून ऐकलं, त्यानं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.